अहिराची पाठवणी

हस्त नक्षत्राचे आभाळ. निळ्यावर करडे, करड्यावर काळे, आणि त्या काळ्याच्या फटींतून मधूनच सांडणारे हळदुले ऊन. डोंगरउतारावरची भाते लोंब्यांनी वाकलेली, बांधांवर तेरडा गुलाबी होऊन थकलेला, आणि खाली जांभवी नदी तांबडी, फेनमंडित, मस्तवाल. चार महिने बरसून पाऊस आता निरोपाचे बोलत होता, पण जाता जाता आवाज चढवून बोलत होता. उठतो उठतो म्हणत दारात तासभर उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा हा हस्ताचा पाऊस.

उताराच्या कुशीत एक विहीर होती. जांभ्या चिऱ्यांची, शेवाळश्यामल, नेच्यांची झालर ल्यालेली. उन्हाळ्यात तिचे पाणी पाताळाशी जाते आणि वाकून पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा तळहाताएवढा दिसतो. हस्तात मात्र ती काठोकाठ भरते. वहाळाच्या बाजूला कठड्यात एक खाच ठेवलेली आहे; वरचे पाणी त्या खाचेतून ओसंडते, गवतावरून घरंगळते आणि वहाळाला मिळते. विहिरीचे वहाळाला, वहाळाचे जांभवीला, जांभवीचे खाडीला, खाडीचे दर्याला. उतारावरच्या घरापासून समुद्रापर्यंत पाण्याची अखंड वाट असते ती एवढ्याच दिवसांत.

त्या विहिरीत अहिर राहत होता.

अहिर म्हणजे साप नव्हे, जरी साप समजून लोक त्याला ठेचतात. आणि चारचौघांसारखा मासाही नव्हे, जरी मासा म्हणून लोक त्याला चवीने खातात. लांब, निसरडा, तमालवर्ण, पोटाशी पिवळसर. त्याची आई कोणी पाहिली नाही, त्याचे अंडे कोणी पाहिले नाही. दर्याच्या कुठल्या अथांग अंधारात तो जन्म घेतो ते त्या दर्यालाच ठाऊक. नदीच्या मुखाशी येतो तेव्हा काडीएवढा असतो आणि काचेसारखा आरपार दिसतो. जन्म खाऱ्यात, जिणे गोड्यात. असे दोन पाण्यांचे प्राक्तन घेऊन आलेला हा जीव.

वाडीची जुनी रीत होती. नव्या विहिरीला झरा लागला की खाडीतून असे एक काचेचे पिल्लू आणायचे आणि घरातल्या सर्वांत लहान हातांनी ते पाण्यात सोडायचे. तो झऱ्याचा राखणदार. तो आहे तोवर झरा आटत नाही ही श्रद्धा, आणि तो अळ्या-किडे खाऊन पाणी निर्मळ ठेवतो हे त्या श्रद्धेच्या पोटातले शहाणपण. अमावास्येला त्याला भाताचा मुटका द्यायचा, आणि घरच्या बाईने त्याच्या आधी जेवायचे नाही. एवढेच त्याचे देणे.

द्वारकाबायच्या विहिरीत हा राखणदार सोडला तिच्या मुलाने, सुदामने. तेव्हा त्याचे दुधाचे दात पडत होते. ओंजळीत पाणी, पाण्यात ती वळवळती काच, आणि ओंजळीवर वाकलेला, पुढचे दोन दात नसलेला हसरा चेहरा. "आये, ह्येच्या पोटातलं दिसतंय गो!" असे तो ओरडला होता. द्वारकाबायच्या कानांत तो आवाज अजून तसाच होता, दात नसलेल्या बोबड्या हवेसकट.

मग काळाने आपले काम केले. द्वारकाबायचा नवरा तापाने गेला. सुदाम मोठा झाला, खाडीवर जाऊ लागला, कुंदाला लग्न करून घेऊन आला. आणि एका नारळी पुनवेनंतर, दर्या शांत झाला असे सगळे म्हणत असताना, खाडीच्या मुखाशी त्याची होडी उलटली. होडी मिळाली. वल्हे मिळाले. सुदाम मिळाला नाही.

घरात दोन बायका उरल्या. दोघींचे कपाळ मोकळे, दोघींचे हात मोकळे. एक म्हातारपणाकडे झुकलेली, एकीचे केस अजून मेघमेदुर. सासू सुनेला कधी टोचून बोलली नाही, सुनेने सासूला कधी उलटून उत्तर दिले नाही. संध्याकाळी दोघी विहिरीच्या काठावर बसत. पाण्याखालून एक काळी रेघ सावकाश फिरत जाई. "आला बघ," द्वारकाबाय म्हणे. कोण आला ते दोघींना ठाऊक असे, आणि ते नाव दोघीही घेत नसत.

त्या वर्षी गौरी-गणपती उरकल्यावर कुंदाचा मामा आला. डोंगरापलीकडच्या खोऱ्यातले स्थळ घेऊन आला होता. माणूस बिजवर, पिठाची गिरणी चालवणारा, पदरात एक लहान मुलगी. मामा पडवीत बसून सांगत राहिला, चहा निवत राहिला, आणि कुंदा खांबाला टेकून खाली बघत राहिली. शेवटी ती म्हणाली, "नको मामा. मी हितं बरी हाय."

आत चुलीपाशी द्वारकाबायने ते ऐकले. तिच्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी त्या जिवाची तिला लाज वाटली. उठून बाहेर जायला हवे होते. सुनेच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलायला हवे होते. ती चुलीत फुंकर मारत राहिली. लाकडे केव्हाची पेटलेली होती.

"दसऱ्याला परत येतो," मामा जाताना म्हणाला. "तवर इचार करा."

आणि मग अहिराने अन्न सोडले.

सर्वपित्री अमावास्येचा मुटका पाण्यात तसाच फुगून बसला. द्वारकाबायने दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकला, तोही तसाच; मग ती रोज टाकू लागली. अहिराचा रंग पालटू लागला. पोटाची पिवळी झाक जाऊन तिथे रुपे उतरले, पाठीचा काळेपणा चढून ती मेघवर्ण झाली, डोळे वाढले. एवढे वाढले की काठावरून दिसावेत. दिवसभर तो तळाशी निपचित पडे. तिन्हीसांज झाली, आभाळ गडगडले, की उसळून वर येई आणि भिंतीला घासत गोल, गोल, गोल फिरे. त्याच्या त्या फिरण्यात एक भयंकर घाई होती.

द्वारकाबायला कळले, किंवा कळले असे तिला वाटले. राखणदार कोपला. कुठे काय चुकले? विटाळशीची सावली पडली? उष्टी कळशी बुडाली? तिने आठवून आठवून स्वतःला चुका लावून घेतल्या. खरी चूक तिच्या मनात होती आणि तिथवर ती जात नव्हती. शेवटी तिने आपल्या चुलतदिराला, तानूला, बोलावले. तानू खाडीवर जन्म काढलेला माणूस, आणि वाडीचे गाऱ्हाणे तोच घाली.

विहिरीवर नारळ ठेवला गेला. वाडीतले बाप्ये डोक्यावर इरली घेऊन उभे राहिले. तानूने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरच्या बायामानसांचं काय चुकलंमाकलं आसंल, तर ती चुकी पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याचे असेच असते. एकाने मागायचे आणि बाकीच्यांनी व्हय म्हणायचे. ज्याला व्हय मिळाले नाही ते गाऱ्हाणे अर्ध्या वाटेत लोंबकळत राहते, वर पोचत नाही, असे वाडी मानते. म्हणून सगळे जोरात म्हणाले. डोंगराने प्रत्येक व्हय दोनदा ऐकवले.

माणसे पांगली. तानू मागे राहिला. काठावर उकिडवा बसून तो पाण्यात बराच वेळ बघत होता.

"वयनी," तो म्हणाला, "ह्यो कोपलेला नाय."

"मंग?"

"ह्येचं डोळं बघा. पोट बघा, रुप्याचं झालंय. खाडीत ह्या दिसांत आसे उतरताना मी लय बघितलेत. ह्येला दर्या लागलाय."

द्वारकाबाय काठाशी वाकून पाहू लागली.

"आता ह्यो जेवायचा नाय. दर्यावर जाऊन पोरं घालायची आन तितंच सपायचं, आसं आसतंय ह्येंचं. न्हाय जाऊ दिला तर हितंच सुकून मरंल."

"माजा पोर त्याच दर्यानं न्हेला, भावजी," द्वारकाबाय म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हता. "आता ह्योबी त्येलाच देऊ?"

तानूने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सुदाम जायाचा नव्हता, तरी ग्येला. त्येचं दुख येगळं. ह्यो जायाचाच हाय, वयनी." मग त्याला आपणच जास्त बोललो असे वाटले, आणि तो इरले घेऊन निघून गेला.

तो वळणावर दिसेनासा झाला तशी द्वारकाबाय उठली. गोठ्यामागून कामट्यांची ताटी ओढत आणली. कुंदाला म्हणाली, "धर." आणि दोघींनी मिळून ती ताटी विहिरीच्या खाचेवर बसवली, सुंभाने आवळून बांधली. पाणी कामट्यांमधून जात राहिले. बाकी काही जाणार नव्हते.

इतके पावसाळे ती खाच उघडी होती. त्या उघड्या खाचेशी पोहत येऊन अहिर दर वेळी वळून परत गेला होता. आज पहिल्यांदा तिला दार लागले.

त्या तिन्हीसांजेला आवाज आला. ठप्. मग पाण्याची सळसळ. मग पुन्हा ठप्. अहिर खाचेशी येऊन ताटीला तोंड मारत होता. चूल पेटली, ठप्. दिवा लागला, ठप्. भात उतरला, ठप्. दोघी ताटांवर बसल्या आणि दोघींपैकी एकीनेही घास उचलला नाही.

"त्येनं खाल्ल्याबिगर मी कशी खाऊ?" द्वारकाबाय म्हणाली, आणि ताट सारून उठली.

दुसऱ्या सकाळी मात्र नवल घडले. मुटका विहिरीत नव्हता. द्वारकाबायने चारी बाजूंनी वाकून पाहिले. पाणी स्वच्छ, नितळ, रिकामे. "खाल्लान गो!" ती लहान मुलीसारखी ओरडली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि तानूला दर्यातले काही कळत नाही असेही तिने म्हणून घेतले.

रोज संध्याकाळी मुटका पडे, रोज सकाळी तो नाहीसा होई. तरी ताटीवरचा तो आवाज थांबला नाही. उलट तो मंदावला, आणि मंदावलेला आवाज अधिक आत जाऊन लागू लागला.

मग एका पहाटे पाऊस उघडला होता. पूर्वेला गव्हाळ उजेड, झाडांवरून थेंबांचे उशिराचे टपटप, आणि धुके नदीवरून उठून उतार चढत येणारे. द्वारकाबाय परसात आली. विहिरीवर कुंदा होती. वाकून, पोहऱ्याने, हलक्या हाताने ती पाण्यातून काहीतरी काढत होती. आवाज होऊ नये म्हणून तिने बांगड्यांविना असलेला हातही जपून धरला होता. पोहरा वर आला. त्यात भिजून फुगलेला, विस्कटलेला भाताचा मुटका होता. तो तिने केळीच्या बुंध्याशी नेला, मातीत दाबला, वर पाचोळा ओढला.

वळली तो समोर सासू.

पावसाळी पहाटेत दोन पांढऱ्या सावल्या समोरासमोर उभ्या राहिल्या. केळीच्या पानावरून पाणी ओघळत होते.

"कशापायी?" द्वारकाबायने विचारले.

"त्यो जेवला नाय की तुमीबी जेवत नाय, आये." कुंदाने मातीने भरलेली बोटे पदराला पुसली. "मंग मी काय करू?"

"आन मामाला नको का म्हनलीस?"

कुंदा खाली वाकून पाचोळा सारखा करू लागली.

"माज्यापायीच ना?"

"तुमी एकल्या पडाल," कुंदा म्हणाली. अगदी साधेपणाने म्हणाली, पाऊस येईल म्हणावे तसे. त्या साधेपणाने म्हातारीचे काळीज चिरत गेले.

द्वारकाबाय विहिरीकडे गेली. ताटीशी वाकली. उजेड आता पाण्यात उतरत होता. खाचेच्या अगदी खाली, कामट्यांना तोंड लावून, अहिर स्थिर होता. त्याचे नाकाड सोलवटून पांढरे पडले होते. मोठे झालेले ते डोळे तिच्याकडे बघत नव्हते. ते ताटीच्या पलीकडे बघत होते, गवताकडे, वहाळाकडे, जिथून पाणी हसत-खिदळत जात होते तिकडे.

ती बघत राहिली. अन्नावाचून रुपेरी होत चाललेला एक जीव. आणि केळीखाली भात पुरणारी, हसतमुखाने वाळत चाललेली दुसरी. दोघांना एकाच सुंभाने आपण बांधले, हे तिला तिथे, त्या ओल्या चिऱ्यावर गुडघे टेकलेले असताना कळले. राखणदार तो नव्हता. इतकी वर्षे राखण आपणच करत होतो, आणि राखता राखता त्यांना कोंडत होतो. द्वारकाबाय रडली. सुदाम गेल्यावर रडली नव्हती तेवढी रडली, आणि पदराने तोंड पुसून गोठ्याकडे शेण काढायला गेली.

दिवस मावळतीला आला तसे आभाळ पुन्हा भरले. हस्ताने आपली शेवटची फौज गोळा केली होती. डोंगर दिसेना झाला, वहाळ गर्जू लागला, विहीर भरून उतू जाऊ लागली. द्वारकाबाय सुपात तांदूळ आणि नारळ घेऊन निघाली. "चल," ती कुंदाला म्हणाली. कुंदाने तिच्या डोक्यावर इरले धरले.

सुंभ भिजून आवळले होते. म्हातारीची नखे त्यात शिरेनात. कुंदा पुढे झाली तसा तिने तिचा हात बाजूला केला. "मी बांदलाय, मीच सोडीन." दातांनी गाठ सैल केली, ओढली, ताटी उचलली आणि वहाळापलीकडे भिरकावून दिली. एवढे बळ तिच्यात कुठून आले कोण जाणे.

खाच मोकळी झाली. पाणी एकदम पुढे सरले.

अहिर आला. खाचेच्या कडेशी येऊन थांबला. अर्धे अंग विहिरीत, अर्धे ओसंडत्या पाण्यात, उंबऱ्यावर पाऊल अडलेल्या नवरीसारखा. द्वारकाबायने वाकून त्याच्या पाठीवर बोट टेकवले. ज्या पाठीला सुदामची ओंजळ लागली होती ती पाठ. गार होती, निसरडी होती, आणि आतून थरथरत होती.

"जा," ती म्हणाली. "तितं कोन भेटलाच वळखीचा, तर सांग आये बरी हाय म्हनून."

अहिर सरकला. खाचेवरून, चिऱ्यावरून, ओल्या गवतावरून एक रुपेरी वळण सळसळत गेले. तेरड्याच्या देठांशी क्षणभर थबकले, तेरडा हलला, आणि वहाळाच्या तांबड्या पाण्याने त्याला उचलून घेतले. मग नुसते पाणी होते.

द्वारकाबायने सुपातले अर्धे तांदूळ वहाळात सोडले, नारळ सोडला. लेकीची पाठवणी करावी तशी पाण्याची ओटी भरली. मग उरलेले तांदूळ घेऊन ती कुंदाकडे वळली.

"पदर कर फुडं."

कुंदा दचकून मागे सरली. विधवेची ओटी भरत नाहीत. विधवेने कोणाची ओटी भरायची नसते. हे दोन्ही त्या घराला, त्या वाडीला, त्या डोंगराला ठाऊक होते.

"आये, आपल्याला चालत नाय."

"कुनाला चालत नाय?" द्वारकाबाय पावसाच्या वर आवाज चढवून म्हणाली. "हितं कोन बसलाय बघाया? पदर कर म्हनते ना!"

कुंदाने पदर पसरला. ओल्या ओंजळीतून ओले तांदूळ त्यात पडले. एकदा, पुन्हा एकदा, सूप रिकामे होईपर्यंत. आणि मग द्वारकाबायने असे काही केले जे त्या वाडीत कुठल्या बाईने केले नव्हते. ती वहाळाकडे तोंड करून उभी राहिली, तिने हात जोडले आणि गाऱ्हाणे घातले.

"बा दर्याच्या धन्या म्हाराजा!"

पावसाखेरीज तिथे कोणी नव्हते. कुंदाने ओठ ओले केले. "व्हय म्हाराजा."

"आज आमचा ह्यो जीव तुज्या वाटंला लागलाय, त्येला नीट न्हे!"

"व्हय म्हाराजा."

"माजा पोर तुज्याकडं हाय. त्येला गारठ्यात ठेवू नको!"

"व्हय म्हाराजा."

"आन ही माजी कुंदा. दसऱ्याला मामाच्या संगं हितनं निघंल. हिचं दुसरं घर भरू दे, आन त्या बिनआयशीच्या पोरीला हिच्यात आय गावू दे!"

उत्तर आले नाही.

वहाळ गर्जत होता. इरले केव्हाच खाली पडले होते, आणि दोन बायका पावसात उघड्यावर उभ्या होत्या. एक हात जोडून, एक पदर सावरून. द्वारकाबायने मागे वळून पाहिले नाही. तिचे जोडलेले हात तसेच होते. तिचे गाऱ्हाणे अर्ध्या वाटेत लोंबकळत होते, आणि त्याला वर न्यायला सबंध जगात एकच आवाज होता.

कुंदाने पदरातल्या तांदळांकडे पाहिले. मोकळ्या झालेल्या खाचेकडे पाहिले. मग त्या पाठमोऱ्या, भिजून एवढ्याशा झालेल्या म्हातारीकडे पाहिले, आणि तिला कळले की आता नाही म्हणणे म्हणजे ती ताटी पुन्हा आणून बांधणे.

"व्हय," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, पावसाहून हळू, "म्हाराजा."

द्वारकाबायने हात खाली घेतले.

खाचेतून पाणी वाहत राहिले. विहिरीचे वहाळाला, वहाळाचे जांभवीला, जांभवीचे खाडीला, खाडीचे दर्याला; आणि तळाशी, कोणी राखत नसताना, झरा झरत राहिला.